एकजात मारवेल

हरिचंद्राला वेडंवाकडं काही बघवत नसे. अंबरनाथच्या एका बोल्टच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर त्याची उभी जवानी गेली. ढिगात एखादा बोल्ट वेगळा दिसला की उचल आणि टाक भंगाराच्या डब्यात. त्र्याऐंशी साली कारखान्याला टाळं लागलं आणि हा बाबा बारवी धरणाच्या अंगाला, आपल्या गावी, वाडवडिलांच्या माळावर येऊन बसला. माळ कसला, नुसता गोंधळ! मारवेल, पवन्या, कुसळी, मध्येच रानमूग, कडेला टाकळा. हरिचंद्राच्या डोक्यात तिडीकच गेली.

"अवो, गवताचा माळ हाय तो," बायको वेणू म्हणाली. "तिथं गवतच असनार."

"पन एकजात नको?"

पावसाळाभर तो खुरपं घेऊन ओणवा. गुरांना गोड लागणारी मारवेल तेवढी ठेवायची, बाकी सगळं मुळासकट, बियांसकट उपटायचं. आणि टाकायचं कुठे, तर बांधापलीकडे. पलीकडचा माळ कमळाबाईचा, म्हणजे त्याच्या विधवा वहिनीचा. भंगाराचा डबा आयताच मिळाला. कमळाबाईने ते तिथंच रुजू दिलं.

दोन वर्षं चैन होती. माळ न्हाव्याने कापून दिल्यासारखा दिसायचा. उल्हासनगर कॅम्प नंबर तीनचा सिंधी तबेलेवाला टेम्पो घेऊन आला, पेंढी हुंगली आणि म्हणाला, "एक नंबर माल, साईं." झालं, हरिचंद्र गावभर तेच सांगत सुटला. बांधावर उभा राहून वहिनीला म्हणाला, "वयनी, तुमच्या माळावर तं बाजार भरलाय! यातली काडी आमची मोरणी तोंडात धरनार नाय."

मोरणी म्हणजे म्हैस. वेणूच्या आईने आंदण दिलेल्या म्हशीची ही लेक. आई गेली, ती म्हैसही गेली. माहेरचं म्हणून वेणूकडे आता एवढंच उरलं होतं. ती मोरणीशी जितकं बोलायची तितकं नवऱ्याशीही बोलत नसे. नवऱ्याची त्याबद्दल तक्रार नव्हती.

तिसऱ्या वर्षी श्रावण कोरडा गेला. मारवेल पिवळी पडली, उरलीसुरली अळीने खाल्ली. एकजात उगवली होती, एकजात गेली. दिवाळी सरते न सरते तोच गवताची गंजी संपली आणि मोरणीच्या बरगड्या दिसू लागल्या.

"पौषात म्हसा गावच्या जत्रेत मोरणीला विकू," हरिचंद्र म्हणाला.

वेणूने भाकरी थापायची थांबवली आणि पदर तोंडाला लावून रडली. लग्नानंतर तिला असं रडताना त्याने पहिल्यांदाच पाहिलं. 

कमळाबाईच्या माळावरही मारवेल गेली होती, कुसळी करपली होती. पण पवन्या तगला, रानमुगाच्या वेलांखाली ओल राहिली, आणि भादव्यातल्या चार सरींवर बाकीचं उठलं. बघायला शोभा नव्हती. गंजी मात्र छपराला टेकली होती.

हरिचंद्र खूप दिवस तिचं अंगण टाळून गेला. शेवटी एका सकाळी दारात उभा राहिला. कमळाबाई तांदूळ पाखडत होती.

"वयनी, थोडं गवत पायजे व्हतं."

"मोरणी खाईल?"

"खाईल."

"मंग न्या की. तुमचंच हाय. तुमीच तं टाकलं व्हतं."

ती टोमणा मारत नव्हती, साधं खरं ते सांगत होती. हरिचंद्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भारा डोक्यावर घेतला तेव्हा कुसळं मानेत घुसली. ती त्याने घरापर्यंत काढली नाहीत. मोरणीने भाऱ्यात तोंड खुपसलं ते वर काढलंच नाही. जत्रेचं नाव पुन्हा कुणी घेतलं नाही.

वैशाखात त्याने वहिनीच्या गंजीखालचा केरकचरा, बिया पडलेल्या होत्या तेवढा, टोपलीत झाडून आणला आणि आपल्या माळावर फेकला. आषाढात त्यातून नाही नाही ते उगवलं. हरिचंद्र मध्ये उभा राहून बघत होता. सवयीने हात खाली गेला.

"भावोजी!" बांधापलीकडून कमळाबाई ओरडली. तिने रानमुगाचा एक वेल मुळासकट उपटला आणि त्याच्या पायाशी भिरकावला. "ह्यो ऱ्हायला बगा!"

हरिचंद्राने वेल उचलला. वेणू गोठ्यातून बघत नाही ना, याची खात्री केली. मग खुरप्याने खड्डा करून तो लावला, बांधाच्या बरोबर रेषेत.