मांडी घालून चाललेली पावलं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, मैत्रिणींना नाही, देवासमोर हात जोडतानाही नाही — तिथे तर मी मुद्दाम दुसऱ्याच विषयावर बोलत राहते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला लिफ्टमध्ये भेटणार नाही. ऐकताना हसू आलं तर हसा. यात हसण्यासारखं पुष्कळ आहे. तीच तर पंचाईत — इतकी वर्षं मी त्यातलं हसण्यासारखं तेवढं मनाशी घोळवत बसले आणि उरलेलं झाकून ठेवलं.

मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. जिच्याबद्दल सांगणार आहे ती सहासष्ट वर्षांची होती. तीही मीच, पण तिचं-माझं आता पटत नाही. बाई मोठी ठसक्याची. खाऊ घालण्यात कुणाला हार जायची नाही. वजन विचारलं तर वय सांगायची, आणि तेही कमी करून. चालायला जाणं हे तिच्या मते घरात कामं नसलेल्या लोकांचं काम. आणि स्वतःला कामं किती? भाजी फोनवरून यायची, दळण माणूस घेऊन जायचा, भांड्याला बाई होती. आमच्या धायरीच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर व्यायामशाळा आहे. तिथल्या सायकलीवर ही बाई पावसाळ्यात साडी वाळत घालून आली होती. विचारणाऱ्याला म्हणाली, "कुणीतरी वापरायला नको का?"

तर त्या बाईच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या ह्यांना, साखर निघाली. सरकारी कचेरीत खुर्चीवर तेहतीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्तीनंतर खुर्ची फक्त बदलली. डॉक्टरांनी सांगितलं, गोड बंद, तळलेलं बंद, रोज पाऊण तास चाला. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "एकटे पाठवू नका. तुम्हीही जा बरोबर. तुम्हालाही गरज आहे." तुम्हालाही! त्या डॉक्टरांचं नाव मी महिनाभर घरात काढू दिलं नाही.

आमचा मुलगा सुहास तेव्हा बंगळूरला होता. त्याने बाबांसाठी मनगटावरचं घड्याळ पाठवलं, पावलं मोजणारं. आकडा इकडे उमटला की तिकडे त्याच्या फोनवर दिसायचा. आणि माझ्यासाठी बूट पाठवले. जांभळे. त्यावर गुलाबी पट्टे. नऊवारी नेसणाऱ्या सासूची मी सून, ते बूट बघून मला घामच फुटला.

एकदा गेलो आम्ही चालायला. एकदाच. तेही सांगते, पण थोडं थांबा — ते मला पुढे लागणार आहे.

त्याच आठवड्यातली गोष्ट. पट्ट्याने मनगटाला खाज येते म्हणून ह्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात घातलं, आणि मी तशीच भजनाला गेले. सोसायटीच्या हॉलमध्ये रोज दुपारी चार ते सहा आमचं भजनी मंडळ बसायचं. सतरंजीवर मांडी घालून दोन तास टाळ्या, कधी झांजा. घरी येऊन बघते तर घड्याळात तीन हजारांवर पावलं! मांडी घालून! त्या बिचाऱ्या यंत्राला काय कळणार, हात हलतोय की पाय. आम्ही दोघं इतके हसलो की ह्यांना ठसका लागला. मी पाणी आणायला उठले तेवढ्यात सुहासचा फोन — "बाबा! तीन हजार! पहिल्याच आठवड्यात?"

ह्यांनी तोंड उघडलं होतं. खरं सांगायलाच उघडलं होतं, मला ते तोंड ओळखता येतं. पण त्यांच्याआधी मी बोलले. "हो रे, कालव्यापर्यंत जाऊन आले. मीच नेलं ओढून."

"आई, तू आहेस म्हणून," सुहास म्हणाला.

तू आहेस म्हणून. त्या तीन शब्दांची मला चटक लागली — श्रीखंडाची लागत नाही तशी.

मग काय? रोज दुपारी चारला घड्याळ माझ्या हातात. मी शिकले हो त्यातलं शास्त्र. विलंबित लयीत पावलं कमी पडतात, द्रुत लयीत भराभर चढतात. तेव्हा मी प्रत्येक भजनाला "जरा उठाव द्या, उठाव द्या" करायची. पेटी वाजवणाऱ्या नलूताई एकदा पेटी थांबवून म्हणाल्या, "कुंदाताई, तुमची गाडी सुटतेय का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. सुहासने ठरवून दिलेली रोजची आठ हजार भरायला अजून बाराशे बाकी होती. घरी येऊन स्वयंपाकघरात उभी राहून वाजवल्या टाळ्या — आरती नाही, काही नाही, गॅसवर साबुदाणावडे, आणि ही बाई कढईपुढे टाळ्या वाजवतेय.

वडे कुणासाठी? त्यांच्यासाठीच. आठ हजार पावलं चाललेल्या माणसाला भूक लागणारच ना! खोट्यालासुद्धा मी हिशेबाने खाऊ घालत होते.

हे सगळं वर्षभर चाललं. दर तीन महिन्यांनी डॉक्टर फोनवरचे आकडे बघायचे, मग रक्ताचा कागद बघायचे, मग पुन्हा आकडे. "एवढं चालताय, तरी साखर हटत नाही. कमाल आहे." गोळी वाढवायचे. मी मान खाली घालून पर्स आवरायची. घरी आलं की सरळ स्वयंपाकघरात. माझं हे नेहमीचंच — जिथे उत्तर द्यायचं असतं तिथून मी उठते आणि काहीतरी तळायला घेते.

आणि मग एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. उचलायला गेले ते वर आलेच नाहीत. उजवी बाजू गेली. वाचाही निम्मी गेली. पुढे दोन वर्षं अंथरुणावर होते, आणि मग गेले.

चालले असते तर वाचले असते का? मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही, आणि या "कुणालाच ठाऊक नाही"च्या आड मी कितीतरी दिवस आरामात बसून होते. पण दवाखान्यात सुहास बंगळूरहून धावत आला, तो फोन काढूनच. डॉक्टरांसमोर धरून म्हणाला, "हे बघा. वर्षभर, रोज आठ हजार. एक दिवस चुकला नाही हा माणूस." त्याचा आवाज फुटला होता. डॉक्टर म्हणाले, "काही वेळा सगळं करूनही होतं." मी तिथेच उभी होते, भिंतीला टेकून. हातात थर्मास होता. एक वाक्य पुरलं असतं. म्हटलं का? म्हटलं, "चहा घेतोस का रे थोडा?"

आत्तापर्यंत तुम्हाला वाटलं असेल, हाच तो गुन्हा. नाही. हा वरचा थर आहे. आळशी नवरा, लाडावणारी बायको, दोघांची मिळून थोडी चोरी — असं मीच मला सांगत आले. नातेवाइकांत तर मी वर विनोद करायची, "आमच्या ह्यांना खुर्चीतून उठवायला क्रेन लागायची हो." ते खोटं आहे.

ते उठले होते.

त्या टाळ्यांना दोनेक महिने झाले असतील. मी पोळ्यांची कणीक भिजवत होते. बाहेर आले तर हे दारात उभे. पायात बूट, लेस बांधलेली, डोक्यावर कानटोपी. स्वतः बांधली होती लेस, पोट आड येत असताना — किती वेळ लागला असेल त्यांना! म्हणाले, "अगं चल. आज खरंच जाऊ. पोराला फसवतोय, बरं नाही वाटत."

आणि मला आठवलं ते आमचं एकमेव चालणं. मी जांभळे बूट घालून निघाले होते. कालव्याच्या वाटेवर जरासा चढ आहे, तिथे मला धाप लागली. हे चालत होते, बरं का — हळूहळू, पण चालत होते. बसले ती मी. पुलाच्या कठड्यावर, हाशहुश करत. मागून भजनातल्याच दोघी आल्या, झपाझप, आणि कॉलेजातली एक मुलगी थांबून म्हणाली, "आजी, रिक्षा बोलावू का?" तिने चांगल्या मनानेच विचारलं. मी तिला म्हटलं, "आम्ही गंमत बघायला बसलोय." घरी आल्यावर ते बूट माळ्यावर टाकले. ठरवलं, पुन्हा नाही.

तर दारात उभ्या असलेल्या त्या माणसाला मी काय म्हटलं असेल? "कशाला उगीच? संध्याकाळी होतील की आजची. मी आहे ना."

त्यांनी कानटोपी काढली. मग सोफ्यावर बसले. वाकून लेस सोडायला लागले, गाठ सुटेना. मी खाली बसले आणि माझ्या हातांनी सोडली. कणकेचे हात होते, लेसला कणीक लागली. बूट काढले, जागेवर ठेवले, आणि त्यांच्यासाठी शिरा केला. भरपूर तुपातला. त्यानंतर चालण्याचं नाव त्यांनी कधी काढलं नाही, आणि संध्याकाळी फोनवर सुहास "वा बाबा!" म्हणाला की खिडकीबाहेर बघायचे.

धाप मला लागत होती. लाज मला वाटत होती. आणि घरी बसवलं मी त्यांना.

हे ते. सांगायचं होतं ते हे. पण ते तेवढ्यावर संपलेलं नाही, म्हणून तर आज लिहायला बसले.

हे गेल्यावर सुहास बायको-मुलीला घेऊन पुण्यात परत आला. आता एकोणपन्नासचा आहे. घरूनच काम. सकाळी नऊला खुर्चीत बसतो, संध्याकाळी सातला उठतो, मधे दारावरची बेल वाजत राहते — पिझ्झा, बिर्याणी, चीज घातलेलं काहीतरी. रविवारी गाडी काढून सगळ्यांना खडकवासल्याला नेतो, गाडीतच बसून कांदाभजी खातो आणि परत येऊन म्हणतो, मोकळी हवा खाऊन आलो. मार्चमध्ये त्यालाही साखर निघाली. त्याची बायको मीनल रोज पहाटे बूट घालून त्याच्या उशाशी उभी राहते. "चल ना रे. नुसतं कालव्यापर्यंत." आणि तो पांघरुणातून एकच उत्तर देतो. गेले कित्येक महिने तेच.

"बाबा रोज आठ हजार चालायचे, मीनल. काय झालं? आमच्या रक्तातच आहे ते."

मीनल माझ्याकडे बघते. मी स्वयंपाकघरात जाते.

गेल्या रविवारी माझ्या नातीला, ईराला, कपाटात ते जुनं घड्याळ सापडलं. तेरा वर्षांची आहे, तिला स्वस्थ बसवत नाही. चार्ज केलं, हातात घातलं, आणि दुपारी मजा म्हणून माझ्याबरोबर भजनाला आली. मी नको म्हणाले होते. रात्री जेवताना पानावरून ओरडली, "बाबा, सॉलिड जोक! मी नुसत्या टाळ्या वाजवल्या आणि दोन हजार स्टेप्स! इट्स सो डम्ब!"

सगळे हसले. सुहास तर पोट धरून हसला. माझा हात वाढता वाढता थांबला. मला वाटलं, झालं — आता तो माझ्याकडे बघणार. आणि बघितलं त्याने. डोळे पुसत म्हणाला, "बघ आई, लोक काय काय करत असतील! आणि आपले बाबा, वेडा माणूस, एकेक पाऊल खरं चालला."

दार सताड उघडं होतं. मला फक्त बाहेर पडायचं होतं.

मी म्हटलं, "अजून एक पुरी घे."

त्याने घेतली.

आज शुक्रवार. मी भजनाला गेले नाही. तो आतल्या खोलीत खुर्चीत बसला आहे, कामात. पाच वाजता चहाला बाहेर येईल. तुमच्यासाठी लिहिलेले हे कागद मी त्याच्याच हातात देणार आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, वाचायला वेळ लागेल त्याला. तोवर मी समोर बसून राहीन. स्वयंपाकघरात जाणार नाही.