दर रविवारी अर्धा लिटर

हे वाळूजला कंपनीच्या बसने जायचे. गाडी होती ती माझ्यासाठी. माझी शाळा फुलंब्रीच्या पुढे, आणि एसटीची वाट बघून रोज डोकं फिरायचं. धाकट्या भावाने मोठी गाडी घेतली तेव्हा त्याची जुनी आम्ही घेतली. यांचं म्हणणं होतं, आणखी दोन-चार गाड्या बघू. मी ते उडवून लावलं. घरची गाडी असताना बाहेर कशाला फिरायचं? माहेरची वस्तू दारात उभी राहणार याचा मला तोरा होता, आणि तो मी लपवलाही नाही.

रविवारी सकाळी हे बॉनेट उघडून उभे राहायचे. ऑइलची पट्टी बाहेर काढायची, जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसायची, परत आत घालायची, परत काढून उजेडात धरायची. मुलीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो बघावा तितक्या बारकाईने बघायचे. मग डब्यातून काहीतरी ओतायचे. मी चहा घेऊन जायचे आणि म्हणायचे, "आता हळदकुंकूही वाहा." हे म्हणायचे, "वाहीन की." सहा वर्षांत मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की, दर आठवड्याला हे ओततात तरी काय. पुरुषांचे काही चाळे असतात, त्यातलाच हा एक, असं मी धरून चालले होते.

ते कंपनीतच गेले, दुपारच्या शिफ्टला, हृदयविकाराने. त्यानंतरच्या दिवसांचं सांगण्यासारखं काही आठवत नाही. लोक यायचे, मी चहा ठेवायचे. तेरावा झाला. मला रडू आलं नाही. त्यावरून बायका आपसात कुजबुजायच्या, ते ऐकू यायचं आणि त्याचंही काही वाटायचं नाही. महिन्याने शाळा सुरू केली. गाडी चालवणं सोपं होतं. हातपाय आपोआप चालायचे.

असे काही आठवडे गेले आणि एके सकाळी स्टिअरिंगच्या मागे लाल दिवा लागला. त्यात चोच असलेल्या भांड्याचं चित्र, चोचीशी एक थेंब. पाणी संपलं असेल, असं मी समजले. शाळेत पोचल्यावर इंजिन थंड होऊ दिलं आणि रेडिएटरमध्ये बाटलीभर पाणी ओतलं. दिवा गेला नाही. तसंच आणखी दोन दिवस गाडी चालवली. तिसऱ्या दिवशी घरी येताना सावंगीजवळ मोठी खडखड झाली आणि इंजिन बंद पडलं ते पडलंच.

आमचे गॅरेजवाले चाचा जुने, यांच्या ओळखीचे. त्यांनी टेम्पोला दोर बांधून गाडी आणवली. पट्टी ओढून बघितली. ती कोरडी होती.

"भाभी, यात ऑइलचा थेंब नाय. इंजिन जाम झालं."

"गळालं असेल," मी म्हणाले.

"गळत नाय, जळतंय. आतल्या रिंगा गेल्यात. ही गाडी तुमच्याकडं आली तवापासूनच ऑइल पितीय. साब दर हप्त्याला माझ्याकडून अर्धा लिटर न्यायचे. कितीदा बोललो, इंजिन खोलू. साब म्हणायचे, खोललं की घरात कळंल, अन् मग बहीण-भावात उगाच वाकडं येईल."

मी तिथल्या स्टुलावर बसले. आता काहीतरी वाटेल, असं वाटलं. काही वाटलं नाही. भावाला फोन केला.

तो तासाभरात आला. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "दाजींनी लक्ष दिलं नसंल, ताई. मी दिली तवा लई चांगली होती."

"ती तुझ्याकडं होती तेव्हाच ऑइल पीत होती," मी म्हणाले. "यांनी मला सहा वर्षं कळू दिलं नाही."

त्याने चाचांकडे बघितलं. चाचा जमिनीवरचे पाने-पकडी गोळा करायला लागले.

"मला माहीतय," भाऊ म्हणाला. "पहिल्याच महिन्यात दाजी आले होते माझ्याकडं. मी म्हणलं, गाडी वापस घेतो. तर म्हणले, राहू दे. ती लई मिरवती तुझ्या गाडीवर. तिला सांगू नको."

म्हणजे दोघांनी मिळून ठरवलं होतं. मी मिरवत होते आणि हे ओतत होते. सांगितलं असतं तर मी दोन दिवस फुगून बसले असते, भावाला चार शब्द सुनावले असते, आणि गाडी कधीच दुरुस्त झाली असती. एवढंही मला झेपलं नसतं का? मला यांचा राग आला. ते गेल्यापासून मला काही वाटलं, ते हे पहिलं. आणि मग त्या गॅरेजमध्ये, त्या दोघांच्या देखत, मी यांच्याशी मोठमोठ्याने भांडायला लागले.