पाणी आहे, यल्ला

शुक्रवारी दुपारी मशिदीबाहेरच्या गाड्या हलल्या की आमच्या डोंगर-ग्रुपवर जेराल्ड अंकलचा मेसेज पडायचा. "पाणी आहे. यल्ला." यल्ला म्हणजे अरबीत 'चला'. बस्स. कुठे जमायचं, किती वाजता, काय आणायचं, सगळं त्यात आलं असं त्यांचं म्हणणं. नवीन माणूस गोंधळला असता, पण दोन वर्षांत नवीन माणूस आलाच नव्हता, त्यामुळे तक्रारही नव्हती.

जेराल्ड तुस्कानो मूळ वसईचे. नोकरी दुबईत, रास अल खोरला, गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या गोडाऊनमध्ये अकाउंट्सला. राहायला मात्र थेट उम्म अल कुवैनला. "रोज एवढा ट्रॅफिक कशाला खाता?" असं विचारलं की म्हणायचे, "ॲनेटला तिथे वसईसारखं वाटतं." ॲनेट आंटी जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी वाक्य वर्तमानकाळातच राहिलं होतं, आणि ते दुरुस्त करायची हिंमत आमच्यातल्या कुणाची झाली नाही. लेक ॲशले टोरांटोला. ती रविवारी फोन करते. "पपा, यू ओके?" "ओके." "ईटिंग?" "ईटिंग." बाप-लेकीचं बोलणं असं टेलिग्रामसारखं सुटसुटीत.

शनिवार मात्र आमचा. रास अल खैमाच्या डोंगरात एक वादी आहे. वादी म्हणजे पावसाच्या दिवशी नदी आणि एरवी गोट्यांचा रस्ता. तीत तासभर चढून गेलं की कड्याच्या पोटाशी एक डोह होता. आंटींनी तो पहिल्यांदा बघितला आणि तिथेच ओरडल्या, "अगो बाई, हे तर बावखल!" वसईला केळीच्या वाडीशेजारी गोड्या पाण्याचं जे तळं असतं, ते बावखल. नाव चिकटलं. आमचा गुणवंत जन्माने पुण्याचा, नोकरीने अबू धाबीचा. तोसुद्धा दुसऱ्या ट्रेकपासून आपल्या आजोळीच दोन-तीन बावखलं असल्यासारखं ते नाव घ्यायला लागला.

आंटींनी तिथे एक कायदा केला. डोहावर पोचलं की चहा, आणि तो डोहाच्याच पाण्याचा. "घरचं पाणी घरी उकळायचं. डोंगरावर डोंगराचं." त्या पाणी रुमालातून गाळायच्या, अंकल स्टोव्ह पेटवायचे, आणि मिल्क पावडर घातलेला तो चहा आम्ही असा प्यायचो, की शहरातल्या कॅफेवाल्यांनी लाजून शटर ओढावं. आंटी गेल्यावर रुमाल अंकलच्या खिशात आला. कायदा तसाच राहिला.

चोवीस सालच्या त्या एप्रिलमध्ये आभाळ फाटलं आणि दुबईतल्या बेसमेंटमधल्या गाड्या तरंगल्या, तेव्हा बावखल गळ्याइतकं भरलं होतं. शुभ्रा, म्हणजे गुणवंत आणि सुहासिनीची लेक, त्यात सूर मारायची. मग दोन हिवाळे कोरडे गेले. त्या डोंगराचं वर्ष हिवाळ्यातल्या चार सरींवर चालतं, आणि त्याच चार सरी रजेवर गेल्या. पाणी गळ्यावरून गुडघ्यावर आलं, मग घोट्यावर, मग गेलंच. वाटेवरच्या बोरींनी पानं टाकली; सावली उरली ती फांदीच्या रुंदीची, तिच्यात एका वेळी एक कान मावायचा. प्रत्येकाला पाणी दुप्पट घ्यावं लागायचं, त्यामुळे सॅक अशी जड की वर पोचेपर्यंत त्यातलंच निम्मं ती वाहण्यापायी पिऊन व्हायचं. हळूहळू माणसं गळाली. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलांचे क्लास. एक कुटुंब तर मॉलमध्ये जाऊन स्की करायला लागलं. या देशात डोंगराला पाणी मिळत नाही आणि मॉलला बर्फ मिळतो, त्याला कोण काय करणार?

गुणवंतही कुरकुरत होता. "अंकल, कोरडे दगड बघायला अबू धाबीहून अंधारात निघायचं का? दगड आमच्या लॉबीत पण आहे. इटालियन आहे."

"पाणी आहे रे बाबा," अंकल म्हणाले.

आणि खरंच होतं! डोह ठणठणीत, पण तळाच्या खडकात घमेल्याएवढा एक खळगा होता आणि त्यात दर शनिवारी चहापुरतं पाणी. स्वच्छ, नितळ. "झिरपतं आतून," अंकल खाली बघत म्हणायचे. शुभ्राने एकदा बोट बुडवून चाटलं. "अंकल, इट टेस्ट्स लाइक बॉटल्ड वॉटर." आम्ही सगळे तिच्यावर ओरडलो. शहरातली पोरं, झऱ्याची चव काय कळणार, वगैरे.

त्या खळग्यावर बरंच काही टेकलेलं होतं. पाणी संपलं की चहा संपणार, चहा संपला की आम्ही पांगणार, आणि आम्ही पांगलो की शनिवारी अंकलना हाक मारणारं कुणी उरणार नव्हतं. हे आम्हाला कळत होतं. आमच्या आधी त्यांना कळलं होतं.

फेब्रुवारीतला तो शनिवार. ऊन एप्रिलचं. आम्ही उरलेले सगळे, म्हणजे एका गाडीत मावतील एवढे, धापा टाकत वर पोचलो. अंकल पुढे गेले आणि खळग्यापाशी उभेच राहिले. खळगा कोरडा. नुसता कोरडा नाही, चाटूनपुसून लख्ख.

"काल तर होतं," अंकल पुटपुटले.

"काल?" सुहासिनीने विचारलं. "काल तुम्ही इथे कशाला आला होतात?"

उत्तर यायच्या आत वरच्या कपारीतून मेंमें ऐकू आलं आणि बकऱ्यांचा एक कळप घरंगळत खाली उतरला. बकऱ्या सरळ अंकलकडे आल्या. एक त्यांच्या सॅकला हुंगायला लागली, दुसरीने पँट धरली. इतकं प्रेमाचं स्वागत त्यांचं आमच्यापैकी कुणी कधी केलं नव्हतं. मागून काठी टेकत खैरुद्दीन आला, खालच्या शेतावरचा गुराखी. त्याने छातीवर हात ठेवला.

"सलाम भाईसाब. कल आप पानी डालके गए, सुबह ये लोग सब पी गया. अल्ला आपको बहुत देगा. हर जुम्मे को इतना बोझा उठाके कौन लाता है जानवर के वास्ते?"

बकऱ्या तेवढ्या बोलत होत्या.

गुणवंतला शांतता सहन होत नाही, हा त्याचा जुना आजार. "पाच लिटरची बाटली सहा दिरहम," तो म्हणाला, "म्हणजे दीडशे रुपयांचं पाणी..." सुहासिनीने त्याच्याकडे असं बघितलं की पुढचा हिशेब त्याने गिळला.

"आय टोल्ड यू," शुभ्रा हळूच म्हणाली, आणि म्हणताना तिचाच चेहरा पडला.

म्हणजे शुक्रवारी अर्ध्या दिवसाने ऑफिस सुटलं की हा गृहस्थ आम्हाला मेसेज टाकून पाठीवर बाटल्या बांधून तासभर चढायचा, दुकानातलं पाणी खळग्यात ओतायचा, उतरायचा आणि दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर पुन्हा चढून तेच पाणी रुमालातून गाळायचा. तेच पाणी सरळ बाटलीतून पातेल्यात ओतता आलं असतं. आमच्या प्रत्येकाच्या सॅकमध्ये होतं. पण मग तो आंटींचा चहा झाला नसता.

सुहासिनीने आपली बाटली काढली. "अंकल, आज याचाच करू. आंटी काही म्हणणार नाहीत."

"म्हणेल," अंकल म्हणाले. "तू तिला ओळखत नाहीस."

मग त्यांनी स्टोव्ह काढलाच नाही. आम्ही बिस्किटं खाल्ली. कोरडी बिस्किटं चावल्याचा एवढा आवाज होतो हे आम्हाला माहीत नव्हतं. उतरताना अंकल सगळ्यात मागे राहिले. कुणीतरी थांबायला हवं होतं. प्रत्येकाला वाटलं, दुसरा थांबेल.

पुढच्या शुक्रवारी मेसेज आला. "पाणी नाही." यल्ला नव्हतं.

त्याखाली आमची उत्तरं आली. कुणाकडे पाहुणे, कुणाचं ऑडिट, गुणवंतच्या गाडीची सर्व्हिसिंग. सुहासिनीने लिहिलं, "अंकल, पाऊस पडला की नक्की. इन्शाल्ला." सगळं खरं होतं, हेच वाईट.

शनिवारी सकाळी आम्ही आपापल्या घरी उशिरा उठलो. एसीत बसून पोहे खाताना ग्रुपवर फोटो आला. बावखल. खळगा काठोकाठ भरलेला आणि भोवती बकऱ्या, शाळेच्या फोटोसारख्या दाटीवाटीने. एक कॅमेऱ्याकडे बघत होती. खाली लिहिलं होतं, "अटेंडन्स फुल."

आम्ही हसलो. हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. मग मी फोटो बोटांनी मोठा केला आणि माझ्या अंदाजाने बाकीच्यांनीही केला असावा, कारण रांग मध्येच थांबली. कोपऱ्यात खडकावर स्टोव्ह होता, त्यावर पातेलं, आणि रुमाल वाळत घातलेला. शेजारी अंकलच्या सॅकमध्ये असायचे ते आमचे नेहमीचे स्टीलचे पेले मांडले होते. एक खैरुद्दीनच्या हातात होता. बाकीचे आम्हाला ओळखता आले. पोचा पडलेला गुणवंतचा. शुभ्राचा छोटा.

सुहासिनीने लिहिलं, "चहा झाला का अंकल?"

बराच वेळ वर 'टायपिंग' दिसत राहिलं. अंकल एका बोटाने टाइप करतात.

"झाला," त्यांनी लिहिलं. "थोडा जास्तच झालाय."

शेवटी गुणवंतने अंगठा टाकला.