दिगंबररावांचा शेरा

अमेरिकेतल्या सनीव्हेलच्या एका कंपनीत दिगंबर वझलवार एकोणीस वर्षं एकच प्रोग्रॅम सांभाळत होते. प्रयोगशाळेतली यंत्रं चालवणारा, डेस्कटॉपवरचा. त्याच्या पोटात पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा बसवलेली होती आणि गिऱ्हाइकं तिच्यात आपापल्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, लिहीत. अडचण एवढीच, की स्क्रिप्टनं उत्तर म्हणून काही छापलं तर ते पडद्यावर कुठेच दिसत नसे. तक्रार आली की दिगंबरराव ऐटीत सांगत, "फाइलमध्ये लिहा आणि फाइल उघडून बघा." लोक बिचारे ऐकतही.

मग इशिता आली. त्यांच्या फ्रीमाँटच्या मित्राची सव्वीस वर्षांची मुलगी, इथेच जन्मलेली. तिनं चार दिवसांत ते सगळं छापलेलं प्रोग्रॅमच्याच खिडकीत आणून दाखवलं. ऑफिसभर कौतुक झालं आणि दिगंबररावांचा नुसता जळफळाट झाला. इतकं सोपं होतं तर यांनी का केलं नाही, असं कुणी विचारायच्या आत ही पोरगी तोंडावर पडावी, असं त्यांना मनापासून वाटू लागलं.

"काका, माझा कोड रिव्ह्यू कराल, काही चुकलंय का बघाल? मंगळवारी कस्टमरला डेमो आहे."

दहाव्या मिनिटाला त्यांना चूक सापडली. स्क्रिप्ट वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे मुख्य कामाला समांतर अशा दुसऱ्या धाग्यावर, चालत होती आणि तिथूनच थेट खिडकीत लिहीत होती. छोट्या स्क्रिप्टला हे खपून जातं, मोठी असली की खिडकी गोठते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि शेरा लिहिला, ‘लुक्स गुड’. बरं वाटलं त्यांना, खोटं कशाला बोला!

मंगळवारी खिडकीत भराभर ओळी उमटल्या आणि कस्टमरच्या डोळ्यांदेखत सगळं गोठलं. रिव्ह्यू कुणी केला होता, मॅनेजरनं विचारलं. इशितानं पटकन सांगितलं, की रिव्ह्यूनंतर तिनंच बदल केला होता, दिगंबरना तो माहीतच नव्हता. प्रत्यक्षात तिनं एक अक्षरही बदललं नव्हतं.

पार्किंगमध्ये तिनं त्यांना गाठलं. "काका, डोंट फील बॅड. बाबांचं पण आजकाल असंच होतं, चूक पटकन दिसत नाही त्यांना. नेक्स्ट टाइम मी टीममधल्या प्रतापला पण दाखवते, ओके?"

दिसलं होतं म्हणावं तर नीच ठरायचं, गप्प बसावं तर म्हातारं. दिगंबररावांनी तिच्याकडे न बघता गाडीचं दार उघडलं.

"हो, दाखव," ते म्हणाले.