हत्यारबंद सायकलचोर

माझ्या फजितीची गोष्ट माझ्याच तोंडून ऐका, नाहीतर सून तिखटमीठ लावून सांगेल.

मी चौथी पास. चाळीस वर्षं एसटीच्या डेपोत फिटर होतो. आता परदेशात, न्यूनेन नावाच्या गावी मुलाकडे असतो. इथं काम काही नाही, त्यामुळं मतं फार.

एकदा सून रूपाली म्हणाली, "बाबा, लायब्ररीत सरकारी माणसं येतायत. कुठल्या गुन्ह्याला किती शिक्षा, हे ठरवायला लोकांना विचारणार आहेत."

"मलाही विचारणार?"

"तुम्ही न विचारता सांगताच की."

दोघं सायकलीवरून गेलो. तिथं मारेइके नावाची ताडमाड उंच बाई होती. ती बोलायची आणि रूपाली मला मराठीत सांगायची. एकाच गुन्ह्याला एका कोर्टात दंड, दुसऱ्या कोर्टात कैद, असं होतं म्हणे. म्हणून जुने निकाल गोळा केलेत. आता लोकांची मतं घ्यायची आणि जज्जांना धरून चालायला एक मधली रेघ आखायची. मंगळवारी तर दुसऱ्या टेबलावर गुन्हे केलेल्यांनाही बसवून विचारणार होते.

"चोरांना विचारणार? मग मांजरालाच विचारा ना, दूध कुठं ठेवू."

रूपालीनं याचं भाषांतर केलं नाही. हातात कागद आला. गुन्हा, सायकलचोरी. खाली शिक्षा कमी-जास्त करायची कारणं.

"चोर म्हातारा आहे," रूपालीनं वाचलं.

"म्हातारा आहे तर अक्कल नको? सूट नाही."

"पहिलाच गुन्हा."

"पहिल्यांदा सापडला म्हण. सूट नाही."

"माफी मागितली."

"सापडल्यावर सगळेच मागतात."

"सोबत हत्यार होतं."

"मग डबल. लिही, सहा महिने आत."

टेबलावरचे बाकीचे आजी-आजोबा म्हणत होते, सायकल परत करावी आणि मालकाला कॉफी पाजावी. माझं डोकंच फिरलं. रूपालीला तिथंच सोडून बाहेर पडलो.

सायकलच्या कुलपाला चावी लागेना. आता मी फिटर माणूस, खिशात स्क्रूड्रायव्हर कायम. दोन मिनिटांत कुलूप खोलून हातात. एका भल्या माणसानं तर तोवर सायकल धरून ठेवली. वर बसलो तर पाय पुरेनात. म्हटलं, वयानं माणूस आखडतो.

घरी येऊन अंगणात कुलपाला तेल घालत बसलो. अर्ध्या तासानं रूपाली आली, सायकल घेऊन. मागून मारेइकेबाई, चालत.

"बाबा," रूपाली हळूच म्हणाली, "ही तुमची सायकल, माझ्याकडच्या चावीनं उघडून आणली. ती कुणाची?"

बाप आत, पोराचा व्हिसा रद्द, बिऱ्हाड पुन्हा पुण्यात, सगळं डोळ्यांपुढं दिसलं. हात जोडले. "त्यांना सांग, माझं वय झालंय. आयुष्यात पहिल्यांदाच झालं असं. मनापासून माफी मागतो."

बाईनं शांतपणे ऐकलं. मग माझ्या जोडलेल्या हातांकडे बघितलं. स्क्रूड्रायव्हर त्यांतच होता.

ती काहीतरी बोलली आणि रूपालीला हसू आवरेना. "त्या म्हणतायत, घाबरू नका. आम्ही एकाच माणसाच्या मतावर शिक्षा ठरवत नाही."

मी मुकाट्यानं कुलूप बसवून दिलं. कॉफी पाजली. दुसरा कपही भरला. बाई निघाली तेव्हा रूपालीला म्हटलं, "विचार गं, माझा कागद परत मिळेल का? थोडं खोडायचंय."

रूपालीनं विचारलं. बाईनं माझ्याकडे मोठ्या प्रेमानं बघितलं.

"त्या म्हणतायत, खोडायची गरज नाही. मंगळवारी या. त्या दुसऱ्या टेबलावर तुमची खुर्ची राखून ठेवतील."

मंगळवारी गेलो. चालत.