दोन जावांची गाडी

त्या गाडीचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले, आणि ह्यांचे कान तर तिनेच नेले.

आमचे हे इंजिन जुळवणारे. रॅलीच्या शर्यतीत दगडधोंड्यांतून पळण्यासाठी कारखान्यात एक गाडी घडत होती. कुठल्या चाकाला किती ताकद द्यायची, ते रस्ता बघून ती स्वतः ठरवायची. इंजिनात हवा कोंबून जोर वाढवणारे टर्बो दोन, एक छोटा, एक मोठा. हे म्हणायचे, "धाकटी जाऊ लगेच कामाला लागते, थोरली मागाहून येते आणि घर डोक्यावर घेते." थोरली नेमकी कधी येते हे टिपायला हे कानातले बोळे काढून इंजिनाशी वाकायचे. मोजायला यंत्र होतं की! पण ह्यांचा भरवसा कानावर. मी बोंबलायचे, "बहिरे व्हाल!" ऐकतंय कोण?

गाडी तयार झाली आणि शर्यतीचे नियमच बदलले, तिला तिथे जागाच उरली नाही. मोजक्याच बनल्या, त्या श्रीमंतांच्या दारात गेल्या. आज शेजारच्या डॉक्टरीणबाईंच्या साध्या गाडीतही चार चाकांची तीच युक्ती आहे. ह्यांना मात्र कुणी ओळखत नाही.

निवृत्तीनंतर एकच ध्यास. "एकदा तिला ऐकायचंय गं, मग कान गेले तरी चालतील." त्यातली एक गाड्यांच्या संग्रहालयात होती, तिथे पत्रं धाडली. उत्तराला दीड वर्ष लागलं. तोवर आमची भांडणं बंद पडली होती. मी ताडताड बोलायचे, हे गोड हसायचे. मला शंका आली. पण मी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही.

संग्रहालयात दोरीच्या अलीकडे, चांगली वीस पावलं लांब, खुर्ची दिली. पुढे जायला मनाई. धूरही नळीने बाहेर सोडलेला. मेकॅनिक आत बसला, किल्ली फिरवली, पायाने पेडल दाबलं. अगंबाई! आधी धाकटी, मग थोरली. मला मेलीला, जिने जन्मभर त्या गाडीला शिव्या घातल्या तिला, दोघी वेगवेगळ्या ऐकू आल्या. खिडकीच्या काचा हादरत होत्या.

ह्यांनी माझी बाही ओढली. "सुरू कधी करणार गं?"

मी ह्यांच्याकडे तोंड केलं. ओठ नीट हलवून म्हटलं, "नाही होत सुरू. बॅटरी उतरलीय."

"चालायचंच," हे म्हणाले. "म्हातारी झाली बिचारी."

मग मीच मेकॅनिकला हात केला, बंद करा म्हणून.