शेळीच्या नावावर गेलेली कोरांटी

आमच्या घरात पहिला पदवीधर मी झालो, तो कलावतीमामीमुळे. हे नाव आधी लिहितो, मग बाकीचं. भाद्रपदात सुप्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला होतो. मामांचा फोन आला, "दिलीप, तुझी मामी गेली रे..." समोरचं मशीन चालूच राहिलं. ते बंद करायचंही मला सुचलं नाही.

आमच्या गावात दहावीच्या पुढे वर्ग नव्हते, म्हणून मामीने मला बेलापूरला स्वतःच्या घरी आणलं. नणंदेचं पोर कशाला सांभाळतेस, असं शेजारणीने टोचलं, तेव्हा ती म्हणाली, "भाकरी लई खातंय, पन वाचताना गप असतंय."

त्या श्रावणात ती खुरपायला गेली असताना, तिला बरं वाटावं म्हणून मी अंगण साफ केलं. दाराजवळचं काटेरी झुडूप कोयत्याने बुडापासून तोडलं. सगळीकडे तेरडा फुललेला आणि याला एक कळी नाही, मला ते तणच वाटलं. ती कोरांटी होती. तिची आई वारली त्या साली मामीने ती माहेरच्या बांधावरून आणून लावलेली. दसरा उलटल्यावर फुलायची आणि थंडीभर पिवळीधमक असायची, हे मला कुठून ठाऊक?

मामी आली, बुंध्याशी बसली. मी म्हणालो, "शेळीनं खाल्ली." तिने तोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, उठली आणि अंगणात बांधलेल्या शेळीचा दोर हातभर आखूड केला. जेवताना मला नेहमीसारखंच वाढलं.

कोरांटी बुडातून पुन्हा फुटली, पुढच्या हिवाळ्यात फुललीही. मी काही बोललो नाही. संगमनेरला कॉलेज झालं, नोकरी लागली. पुढे मामीला ऐकू येईना, फोनचा उपयोग उरला नाही, म्हणून मी पत्रं लिहू लागलो. चौथी शिकलेली मामी ओळीखाली बोट धरून वाचायची, आठवडाभरात उत्तर धाडायची. या उन्हाळ्यातल्या एका पत्राचं उत्तर तेवढं आलं नाही. विचारायचा धीर झाला नाही... आणि ती गेली. मनात राग ठेवून गेली का, एवढंच डोक्यात घेऊन मी दोन महिने वावरलो.

परवा दिवाळीला पुन्हा बेलापूरला गेलो. दाराशी कोरांटी भरून फुललीय. मामांनी तिच्या ट्रंकेतलं माझ्या पत्रांचं पुडकं हातात दिलं. ते पत्र सगळ्यात वर होतं.

"ती. मामीस सा. नमस्कार. कोरांटी शेळीने खाल्ली नव्हती. मी तोडली होती, तण समजून. बिचारी शेळी वर्षभर आखूड दोरावर राहिली, आणि मी तुझ्या हातचं खात राहिलो. दिवाळीला येतो, तेव्हा काय बोलायचं ते बोल. तुझा दिलीप."

खाली पेन्सिलीने, हलत्या अक्षरात:

"शेळी कवा आसं तिरपं कापती व्हय? दोर तुला दिसावा म्हनून आखूड केल्ता. उत्तर धाडत न्हाई. दिवाळीला ये, मला समोर बसून हसायचंय."